बॅटरी उतरल्यावर ती गाडी कशी चालते?

वाचकाचं पत्र: गेली सहा वर्षं मी तीन लिटरची, सहा सिलिंडरची पेट्रोल स्पोर्ट सेडान चालवतो आहे. रोज जाऊन-येऊन ३६ किलोमीटर, बहुतेक शहरातून. महिन्यातून एक-दोनदा तीन-चारशे किलोमीटरचा फेरा होतो, त्यात घाटही लागतो. आता गाडी बदलायची आहे आणि जिथे जावं तिथे हायब्रिडच, म्हणजे पेट्रोल इंजिनाला विजेची मोटर जोडलेली गाडी, पुढे केली जाते. कुणी प्लग-इन (सॉकेटवर चार्ज होणारी) दाखवतं, कुणी विनाप्लगची, कुणी माइल्ड. मित्र म्हणतो की या गाड्या सरकारी नियमांसाठी बनवल्यात, चालवणाऱ्यासाठी नाहीत. पूर्ण इलेक्ट्रिक मला इतक्यात नको आहे. घरच्या पार्किंगमध्ये साधं सॉकेट आहे. यातली कोणती घ्यावी? आणि वापरलेली घ्यायची झाली तर काय काय तपासावं? – स्टिअरिंगवर जीव असलेला एक वाचक

उत्तर:

नमस्कार,

तुमच्या मित्राचं म्हणणं अर्धं खरं आहे. नियमांचा रेटा नसता तर यातल्या बऱ्याच गाड्या बाजारात आल्या नसत्या. पण नियमांसाठी बसवलेली मोटर चालवणाऱ्याच्याही कामी येऊ शकते. ती कुठल्या गाडीत येते आणि कुठल्या गाडीत नुसतं ओझं होते, हे ओळखायला एक कसोटी पुरेशी आहे: बॅटरी उतरलेली असताना ती गाडी कशी चालते? माहितीपत्रकातले मोठे आकडे भरलेल्या बॅटरीचे असतात. टेस्ट ड्राइव्हलाही गाडी पूर्ण चार्ज करूनच दिली जाते. तुम्ही मात्र लांबच्या फेऱ्यातला बहुतेक रस्ता उतरलेल्या बॅटरीवर कापणार आहात.

तुम्हाला दाखवलेल्या तीन प्रकारांची यंत्ररचना एकमेकांपासून फार वेगळी आहे, तेव्हा सुरुवात तिथूनच करू.

माइल्ड हायब्रिडमध्ये ४८ व्होल्टची यंत्रणा असते. मर्सिडीजच्या सध्याच्या सी-क्लासमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधला स्टार्टर-जनरेटर सुमारे १७ किलोवॅटचा आहे आणि तो २०० न्यूटन मीटरच्या आसपास टॉर्क (फिरवण्याचा जोर) देतो. एवढ्यावर गाडी विजेवर पळत नाही. पण सिग्नलला बंद पडलेलं इंजिन हिसका न देता सुरू होतं आणि टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) फिरायला लागेपर्यंतची पोकळी बऱ्यापैकी भरून निघते. ऑडीने २०२४ च्या एस५ मध्ये तीन लिटरच्या व्ही-सिक्स (सहा सिलिंडरच्या) इंजिनाच्या जोडीला १८ किलोवॅटची मोटर गिअरबॉक्सच्या पलीकडच्या टोकाला लावली आहे आणि १.७ किलोवॅट-तासाची बॅटरी दिली आहे (एक किलोवॅट-तास म्हणजे विजेचं एक युनिट). त्यामुळे पार्किंगमध्ये ती गाडी इंजिनाविना सरकू शकते. या प्रकारात वजन फारसं वाढत नाही आणि डिकी शाबूत राहते. बदल्यात पेट्रोलची बचतही बेताचीच होते.

विनाप्लगची पूर्ण हायब्रिड दोन वाटांनी बनते. लेक्ससच्या वाटेत इंजिन, जनरेटर आणि मोटर एका प्लॅनेटरी गिअरसंचाने (मधल्या गिअरभोवती फिरणाऱ्या छोट्या गिअरांनी) जोडलेले असतात. ठरावीक गिअर नसल्याने पाय दाबला की इंजिनाचे आरपीएम आधी चढतात आणि वेग मागून येतो. शहरात याच्याइतकी मऊ यंत्रणा दुसरी नाही. पण वळणावळणाच्या रस्त्यावर गिअर धरून ठेवायची सवय असलेल्या माणसाला ती परकी वाटते. ही तक्रार लेक्ससला माहीत होती. म्हणूनच २०१७ च्या एलएस ५००एचमध्ये त्यांनी या संचाच्या मागे चार गिअरचा वेगळा ऑटोमॅटिक बसवला आणि दहा गिअर असल्याचा अनुभव उभा केला. दुसऱ्या वाटेत मोटर इंजिन आणि नेहमीच्या गिअरबॉक्सच्या मध्ये बसते आणि इंजिन हवं तेव्हा वेगळं करायला एक क्लच असतो. इन्फिनिटी एम३५एच आणि बीएमडब्ल्यू अ‍ॅक्टिव्हहायब्रिड ५ या त्या वाटेच्या गाड्या. यात गिअर खरे असल्यामुळे तुम्हाला सवयीची पकड मिळते. फक्त विजेवरून इंजिनावर जाताना क्लच जुळण्याचा क्षण जपून पारखावा लागतो.

आजच्या बहुतेक प्लग-इन स्पोर्ट सेडानमध्ये हीच दुसरी रचना मोठ्या बॅटरीसह असते. काहींमध्ये मोटर मागच्या आसावर असते. व्होल्वो एस६० टी८ मध्ये इंजिन पुढची चाकं फिरवतं आणि मोटर मागची; दोहोंना जोडणारा शाफ्टच नाही. मर्सिडीजच्या एएमजी सी ६३ एस ई परफॉर्मन्समध्येही मोटर मागे आहे आणि तिला स्वतःचा दोन गिअरचा बॉक्स आहे.

आता आकड्यांकडे वळू. बीएमडब्ल्यू ३३०ईच्या जी२० या सांकेतिक नावाच्या पिढीत इंजिन १८४ हॉर्सपॉवरचं आणि मोटर ११३ ची. बेरीज २९७ होते, पण गाडीची एकत्रित ताकद २५२ सांगितली जाते, कारण दोघांचा कमाल जोर एकाच आरपीएमला येत नाही आणि बॅटरी ठरावीक दरापेक्षा जास्त वीज सोडत नाही. स्पोर्ट मोडमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला तर आणखी ४० हॉर्सपॉवर मिळते, तीही जास्तीत जास्त १० सेकंद. लेक्सस जीएस ४५०एचमध्ये फरक अजून ठळक होता. इंजिन २९० च्या पुढे, मोटर २०० च्या आसपास, पण एकूण सुमारे ३४० हॉर्सपॉवर, कारण छोटी निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी मोटरची भूक भागवू शकत नव्हती. सी ६३ ची मोटर १५० किलोवॅटची आहे आणि बॅटरी ६.१ किलोवॅट-तासाची. पूर्ण जोराने वीज उपसली तर अडीच मिनिटांच्या आत सगळी संपेल. म्हणून कमाल जोर तिथेही १० सेकंदांपुरताच आहे आणि सलग जोर ७० किलोवॅटचा. ही बॅटरी लांब पल्ल्यासाठी नाहीच. विजेवर ती गाडी १३ किलोमीटर जाते. पटकन वीज सोडायची आणि पटकन परत घ्यायची या कामासाठी तिच्या ५६० सेलभोवती थेट शीतक द्रव खेळवला आहे. त्या कामात ती उत्तम आहे, आणि असं एकाच कामासाठी नेमकं घडवलेलं यंत्र पाहून आनंद होतो.

यावरून बाजाराची मांडणी कळते. लग्झरी स्पोर्ट हायब्रिड सेडान वेगवेगळ्या खरेदीदारांना वेगवेगळ्या कारणांनी विकली जाते, आणि दुसऱ्याच्या कारणासाठी बनलेली गाडी आपण घेतली की पुढे पस्तावायची वेळ येते.

सुरुवातीचा काळ अभिमानाचा होता. लेक्ससने २००६ मध्ये जीएस ४५०एच आणली तेव्हा तिच्या नावातच दावा होता: इंजिन साडेतीन लिटरचं, पण ओढ साडेचार लिटरची. पुढच्याच वर्षी आलेल्या एलएस ६००एचमध्ये पाच लिटरचं इंजिन होतं आणि नावात सहाशे. आठ किंवा बारा सिलिंडरचा जोर, पण गोंगाट नाही, अशी ती विक्री होती. यंत्र पक्कं निघालं, पण जीएसच्या मागच्या सीटमागे उभ्या केलेल्या बॅटरीने डिकी खाल्ली आणि विक्री मर्यादितच राहिली. होंडाच्या अकुरा ब्रँडच्या आरएलएक्स स्पोर्ट हायब्रिडचं उदाहरण जास्त हळहळ लावणारं आहे. तीन मोटर, मागच्या दोन चाकांना दोन स्वतंत्र, वळणात बाहेरच्या चाकाला जोर आणि आतल्याला ओढ, एकूण ३७७ हॉर्सपॉवर. यंत्ररचना म्हणून त्या काळातल्या सर्वांत हुशार सेडानपैकी एक. पण दिसायला साधी आणि त्या किमतीच्या खरेदीदाराला हवा असलेला दबदबा बॅजला नव्हता. ती फार खपली नाही.

त्यानंतर आला कंपनीच्या गाड्यांचा काळ. ३३०ई, मर्सिडीजची सी ३००ई आणि त्यांच्या बहिणी मुख्यतः युरोपातल्या नोकरदारांसाठी आहेत, ज्यांना गाडी कंपनी देते आणि कर त्या गाडीच्या कागदावरच्या उत्सर्जनावर ठरतो. जर्मनीत अटी पूर्ण करणाऱ्या प्लग-इन कंपनी-गाडीवर खासगी वापराचा कर साध्या गाडीच्या निम्म्या दराने मोजला जातो. अशा खरेदीदाराने चार्जिंगची केबल एकदाही हातात घेतली नाही तरी त्याचा फायदा होतो. परिणाम आकड्यांत दिसला. युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये गाड्यांमधल्याच इंधनमापकांच्या नोंदी मांडल्या. २०२१ मध्ये नोंदलेल्या प्लग-इन गाड्यांचं रस्त्यावरचं कार्बन उत्सर्जन कागदी आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघालं. साध्या पेट्रोल गाड्यांत हा फरक पाव भागाच्या आत होता. २०२५ पासून तिथली मोजणीची पद्धत कडक झाली, त्यामुळे नव्या प्लग-इनमध्ये बॅटऱ्या मोठ्या होत आहेत. खरेदीदार म्हणून तुम्हाला हे सोयीचंच आहे.

तिसरा गट शिखरावरचा. २०१७ मध्ये पोर्शने पनामेरा टर्बो एस ई-हायब्रिड आणली तेव्हा ६८० हॉर्सपॉवरची ही प्लग-इन त्या श्रेणीतली सर्वांत वरची गाडी होती. हायब्रिड म्हणजे काटकसर ही समजूत तिथे मोडली. २०२४ च्या बीएमडब्ल्यू एम५ ने तीच वाट धरली: व्ही-एट (आठ सिलिंडरचं इंजिन) ठेवला आणि त्याला मोटर जोडून ७२७ हॉर्सपॉवर आणि १००० न्यूटन मीटर केले. एएमजीने सी ६३ मध्ये उलट केलं. व्ही-एट काढून दोन लिटरचं चार सिलिंडर इंजिन ठेवलं आणि उरलेलं मोटरवर सोपवलं. ताकद ६८० हॉर्सपॉवरपर्यंत गेली, पण आवाज गेला, आणि टीका झाली ती नेमकी त्यावर. या किमतीचा खरेदीदार सेकंद मोजून पैसे देत नाही. इंजिनाचा स्वभाव हवा म्हणून देतो. बीएमडब्ल्यूने तो ओळखला, एएमजीचा अंदाज चुकला, असं आम्हाला वाटतं.

वजनाचं काय? इथे मित्राची बाजू भक्कम आहे. नवा एम५ २४३५ किलोचा आहे, आधीच्या पिढीपेक्षा ५०० किलोहून जड. ताकद इतकी वाढूनही शून्य ते शंभरला ३.५ सेकंद लागतात, जिथे आधीच्या एम५ कॉम्पिटिशनला ३.३ लागत. सी ६३ सुद्धा २१०० किलोच्या वर आहे. सरळ रस्त्यावर मोटर हे वजन लपवते. सलग उजवी-डावी वळणं आली की ते लपत नाही: नाक वळायला उशीर, मग मागचा भाग सावरायला उशीर. मागची चाकं वळवणारी यंत्रणा आणि बदलत्या कडकपणाचे डॅम्पर (शॉकअप) यावर बराच इलाज करतात, पण टायर आणि ब्रेक त्या वजनाची किंमत वसूल करतातच.

आता तुमचा हिशेब करू. महिन्यात २२ कामाचे दिवस धरले तर रोजच्या जाण्या-येण्याचे वर्षाला साधारण ९५०० किलोमीटर होतात. दीड फेरा महिन्याला धरला तर लांबचे सुमारे ६३००. म्हणजे तुमचं साठ टक्के चालणं विजेवर होऊ शकतं. हे प्रमाण प्लग-इनच्या बाजूचं आहे. या आकाराची सेडान शहरात विजेवर शंभर किलोमीटरला १८ ते २२ किलोवॅट-तास घेते, म्हणजे तुमच्या ३६ किलोमीटरला साडेसहा ते आठ. कागदावर १२ किलोवॅट-तासाची बॅटरी पुरेल, पण त्यातली सगळी वापरता येत नाही, एसी आणि हीटर वाटा मागतात आणि आठ-दहा वर्षांत क्षमता घटते. १८ किंवा त्याहून मोठी घ्या.

उरलेल्या चाळीस टक्क्यांसाठी एक भागाकार करा. फक्त इंजिनाचे हॉर्सपॉवर घ्या, एकत्रित नव्हे, आणि त्याला गाडीच्या टनातल्या वजनाने भागा. तुमच्या सध्याच्या गाडीचं उत्तर दोनशेच्या आसपास येत असेल. ३३०ई आणि सी ३००ई यांचं शंभरच्या आसपास येतं. व्होल्वो एस६० टी८ च्या शेवटच्या आवृत्तीचं दीडशेच्या जवळपास, सी ६३ आणि एम५ चं दोनशेच्या वर. बॅटरीचा आकडा शून्य दिसला तरी गाडी थोडा साठा राखून ठेवते, त्यामुळे मदत पूर्ण थांबत नाही. पण घाटात एकामागून एक ट्रक ओलांडायचे असतील तर तो साठा तिसऱ्या-चौथ्या ट्रकला संपतो. तुमच्यासारख्या चालकाला १२० च्या खालची गाडी निराश करेल. १५० च्या वर काळजी नाही. या दोन्ही अटी बसणारी प्लग-इन तुमच्या आवाक्यात असेल तर ती घ्या. नसेल तर छोट्या इंजिनाच्या प्लग-इनवर तडजोड करू नका. ४८ व्होल्टची सहा सिलिंडर घ्या. पेट्रोल जास्त जाईल, पण तुम्ही ज्यावर जीव लावता ते शिल्लक राहील. विनाप्लगची पूर्ण हायब्रिड तुमच्यासाठी तिसऱ्या क्रमांकावर आहे. घरी सॉकेट नसतं तर तिचा क्रमांक वर गेला असता.

टेस्ट ड्राइव्ह ठरवताना आधीच सांगा की गाडी उतरलेल्या बॅटरीसह हवी. नाही म्हटलं तर आधी बराच वेळ विजेवर फिरवून बॅटरी उतरवा आणि खरी चाचणी मग सुरू करा. रस्ता मोकळा असेल तिथे ८० वरून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा आणि गाडी किती वेळ विचार करते ते बघा. अर्धा सेकंद चालेल, एक सेकंद नाही. तीच चाचणी लगेच आणखी तीनदा करा, कारण पहिल्या खेपेला राखीव साठा मदतीला येतो. मग १० ते १५ च्या वेगाने सरकत राहा. इंजिन सुरू-बंद होताना धक्का जाणवतो का? चढावर रिव्हर्स घ्या. ब्रेक हळूहळू दाबत गाडी थांबवा आणि शेवटच्या दहा किलोमीटरच्या वेगाला पायाखाली काय होतं त्याकडे लक्ष द्या. तिथे मोटरची ओढ संपते आणि डिस्क ब्रेक काम हाती घेतात. हा सांधा नीट जुळला नसेल तर गाडी प्रत्येक सिग्नलला मान हलवते, आणि ही खोड सर्व्हिसिंगने जात नाही.

तुमच्या नेहमीच्या बॅगा सोबत न्या. ३३०ईची डिकी ३७५ लिटरची आहे, साध्या ३ सीरिजची ४८०. टाकी ४० लिटरची, साधीची ५९. सी ३००ईत डिकी ४५५ वरून ३१५ लिटरवर येते. बहुतेक प्लग-इनमध्ये स्टेपनी नसते, हवा भरायचा पंप आणि पंक्चरचा द्राव असतो. टायरची बाजू फाटली तर त्याचा उपयोग नाही, तेव्हा रात्रीच्या घाटाचा विचार करून ठेवा. 'स्पोर्ट' लिहिलेल्या पॅकेजबाबत एकच प्रश्न विचारा: डॅम्पर, ब्रेक डिस्कचा व्यास आणि मागचा डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांत जोर वाटणारा गिअरसंच) यांपैकी काय बदललं आहे? तिन्हींचं उत्तर नाही असेल तर तुम्ही बंपर आणि सीटच्या शिलाईचे पैसे देता आहात.

घाटाबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे हायब्रिड चालवायची रीत वेगळी आहे. दोन टनांची गाडी १०० वरून थांबवली तर तिच्या गतीत जेमतेम ०.२१ किलोवॅट-तास ऊर्जा असते. पण तीच गाडी ५०० मीटर उंची उतरते तेव्हा सुमारे २.७ किलोवॅट-तास मोकळे होतात. म्हणजे ब्रेकने बॅटरी भरते ती मुख्यतः उतारावर. विनाप्लग हायब्रिडची बॅटरी दीड-दोन किलोवॅट-तासाच्या आतबाहेर असते, तेव्हा मोठ्या उताराच्या मध्यावरच ती भरते. भरली की मोटरची ओढ संपते, ब्रेकचा पाय वेगळा लागतो आणि सगळं काम डिस्कवर येतं. प्लग-इनमध्ये हेच होतं, तुम्ही माथ्यावर पूर्ण चार्ज घेऊन पोचलात तर. म्हणून चढताना वीज वापरा, माथ्यावर पोचताना बॅटरी निम्म्याच्या खाली असू द्या, आणि उतारावर बॅटरी भरत आली की खालचा गिअर हाताने घ्या. घाटाआधी लांब हायवे असेल तर बॅटरी राखून ठेवायचा मोड हायवेवरच लावा. हायवेवर बॅटरी जाळून घाटाच्या पायथ्याशी रिकामं पोचणं ही प्लग-इन चालकांची सर्वांत सर्रास चूक आहे. नॅव्हिगेशनमध्ये मुक्काम टाकलात तर बऱ्याच गाड्या हे नियोजन स्वतः करतात.

घरचं चार्जिंग. साधं सॉकेट १० अँपिअरवर सुमारे २.३ किलोवॅट देतं. १२ किलोवॅट-तासाची बॅटरी भरायला सहा तास, २५ ची भरायला अकरा-बारा. तुमची रोजची भर आठच्या आत असल्याने रात्र पुरते, वेगळा चार्जर लागणार नाही. पण त्या सॉकेटची वायर थेट डीबीपासून (घरच्या एमसीबीच्या पेटीपासून) स्वतंत्र आलेली हवी, अर्थिंग तपासून घ्यायला हवं आणि मध्ये एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको. पहिल्या दिवशी अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघा. कोमट चालेल. बोट टेकवत नसेल तर चार्जिंग थांबवा आणि सॉकेट बदला. सैल पकडीच्या पाकळ्या तासन्‌तास १० अँपिअर सोसत नाहीत. चार्जिंगची वेळ अशी लावा की ते निघण्याआधी थोडा वेळ पूर्ण होईल. बॅटरी पूर्ण भरून उन्हात आठवडाभर उभी ठेवणं तिला सर्वांत जास्त मारक. गावाला जाताना निम्म्यावर ठेवा.

इंजिनाचीही नवी पथ्यं आहेत. रोज विजेवर फिरणारी गाडी ओव्हरटेकसाठी अचानक दाबली की थंड इंजिन सुरू होऊन थेट जोरात जातं. तेल पातळ व्हायला आणि सगळीकडे पोचायला वेळ मिळत नाही. ओव्हरटेकची शक्यता दिसत असेल तर पाच-सात मिनिटं आधी स्पोर्ट मोड लावून इंजिन गरम करून घ्या. छोट्या छोट्या धावांत तेलात पेट्रोल आणि ओलावा मुरतो, म्हणून तेल किलोमीटरवर न बदलता वर्षाला बदला, आकडा कितीही कमी असो. आठवड्यातून एकदा इंजिन सलग अर्धा तास चालू द्या. टाकी काठोकाठ भरून महिनोन्‌महिने ठेवू नका. बऱ्याच प्लग-इनची टाकी दाबाखाली असते. पेट्रोल भरण्याआधी झाकण उघडायचं बटण दाबून दाब सुटेपर्यंत थांबावं लागतं, पंपावरच्या माणसाला घाई करू देऊ नका. डिस्क ब्रेक कमी वापरले गेल्याने गंजतात, तेव्हा गाडी धुतल्यावर आणि पावसानंतर मोकळ्या रस्त्यावर तीन-चार वेळा जोराने ब्रेक दाबा. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी.

हायब्रिड रस्त्यात बंद पडते ती बहुधा मोठ्या बॅटरीमुळे नाही, छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीमुळे. मोठ्या बॅटरीचे संपर्क जोडणारे रिले या बॅटरीवर चालतात. ती उतरली की २० किलोवॅट-तास भरलेले असूनही गाडी जागची हलत नाही, आणि ही बॅटरी डिकीत असेल तर विजेवर उघडणारी डिकीही उघडत नाही. किल्लीत लपलेली यांत्रिक चावी कुठे लागते आणि बॉनेटखालचे जंप-स्टार्टचे टर्मिनल कुठे आहेत, हे गाडी घेतल्याच्या दिवशीच बघून ठेवा. टोइंग फक्त सपाट ट्रकवर. चाकं फिरली की मोटर वीज तयार करू लागते.

वापरलेली गाडी घेताना सुरुवात चॅसी नंबरपासून करा. बीएमडब्ल्यूने २०२० मध्ये बॅटरी सेलच्या उत्पादनातल्या दोषामुळे अनेक प्लग-इन मॉडेल परत बोलावली होती आणि दुरुस्ती होईपर्यंत चार्ज न करण्याची सूचना दिली होती. अशी कुठलीही मोहीम त्या गाडीवर पूर्ण झाल्याचा कागद हवा. गाडी ओढणाऱ्या मोठ्या, उच्च दाबाच्या (हाय व्होल्टेज) बॅटरीची वॉरंटी बहुतेक कंपन्या ८ वर्षं देतात, किलोमीटरची मर्यादा मात्र बाजारागणिक बदलते. ती दुसऱ्या मालकाकडे जाते का आणि किती क्षमता उरेपर्यंत लागू आहे, ही दोन वाक्यं वॉरंटीच्या पुस्तिकेत स्वतः वाचा.

मग डिकीतली केबल बघा. ती मूळ पिशवीत, वेढे न सुटलेली असेल तर गाडी बहुधा कंपनीची होती आणि कधी चार्जच झाली नाही. अशा गाडीची बॅटरी कमी झिजलेली असते, पण जड गाडी ओढायचं सगळं काम छोट्या इंजिनाने केलेलं असतं. तेव्हा तिला पेट्रोल गाडीसारखंच तपासा: तेलाच्या पावत्या, टर्बोची शिट्टी, गिअरबॉक्सच्या तेलाची स्थिती. बॅटरीची क्षमता मोजायची सोपी रीत अशी: विजेवर चालवून ती पूर्ण उतरवा, मग मीटर लावून पूर्ण भरा. मीटरवरचा आकडा ०.८८ ने गुणला की बॅटरीत गेलेली वीज साधारण कळते. नव्या गाडीच्या वापरता येणाऱ्या क्षमतेशी तो ताडून बघा. ऐंशी टक्क्यांच्या खाली असेल तर भाव त्या हिशेबाने बोला.

जुन्या लेक्ससमध्ये खूण वेगळी. पडद्यावरची बॅटरीची पातळी काही मिनिटांत वरून खाली आणि खालून वर उड्या मारत असेल, किंवा मागच्या सीटमागचा पंखा साध्या दिवशीही जोरात फिरत असेल, तर बॅटरीचे काही मॉड्यूल (सेलचे गट) थकले आहेत. स्कॅनरवर पी०ए८० हा कोड आला तर बॅटरी बदलायची वेळ झाली. मागच्या सीटजवळची हवा आत घेणारी जाळी सीट कव्हरने झाकलेली किंवा केसाधुळीने भरलेली असेल, तर बॅटरी वर्षानुवर्षं तापलेली आहे असं धरून चाला.

आणि एसीचा इतिहास विचारा. हायब्रिडचा कॉम्प्रेसर उच्च दाबाच्या विजेवर चालतो आणि त्यात वीज न वाहणारं पीओई तेल लागतं. बाहेरच्या गॅरेजने गॅस भरताना साध्या गाडीचं पीएजी तेल थोडंसं जरी घातलं, तरी कॉम्प्रेसरचं विद्युतरोधन कमकुवत होतं. मग गाडी कधीतरी वीजगळतीचा इशारा देते आणि उच्च दाबाची यंत्रणा जोडायला नकार देते. तेल एकदा मिसळलं की नुसतं काढून भागत नाही; कॉम्प्रेसर आणि बरेचदा एसीचे इतर भागही बदलावे लागतात. गॅस कुठे आणि कोणी भरला याची पावती विक्रेत्याकडे नसेल, तर सौदा पक्का करण्याआधी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये विद्युतरोधनाची मोजणी करून घ्या.